यूकेत डेंटल नर्स होताना: ट्रेनीच्या बॅजपासून जीडीसी नंबरपर्यंत

माझा जीडीसी नंबर, म्हणजे डेंटल नर्सचा रजिस्ट्रेशन नंबर, आला आणि तेव्हापासून व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतायत, की डेंटल नर्स म्हणजे नक्की काय गं, नर्सिंगची डिग्री लागते का, सायन्स नसेल तर घेतात का, पैसे किती जातात. प्रत्येकीला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

पहिली गोष्ट, ही हॉस्पिटलमधली नर्स नाही. तिचं रजिस्टर वेगळं. आपलं रजिस्टर जनरल डेंटल काउन्सिलचं, म्हणजे जीडीसीचं, जिथे डेंटिस्ट पण रजिस्टर असतात. ३० जुलै २००८ पासून इथे रजिस्ट्रेशनशिवाय डेंटल नर्स म्हणून काम करता येत नाही आणि स्वतःला तसं म्हणवून पण घेता येत नाही. त्यातून सुटका फक्त ट्रेनीला, आणि तीही तुम्ही मान्यताप्राप्त कोर्सला असाल किंवा तो सुरू व्हायची वाट बघत असाल आणि रजिस्टर्ड माणसाच्या देखरेखीखाली काम करत असाल तरच. सायन्स वगैरे काही लागत नाही. मी बी.कॉम., लग्नाआधी चार वर्षं सहकारी बँकेत काउंटरला होते, दाढ आणि सुळा सोडून तिसऱ्या दाताचं नाव मला माहीत नव्हतं.

आपल्याकडची सवय अशी की आधी कोर्स मग नोकरी. इथे बहुतेक वेळा उलटं, आधी नोकरी धरायची, ट्रेनी म्हणून, आणि मग कोर्सला नाव घालायचं, कारण कोर्सचा अर्धा भाग कामावरच पूर्ण होतो आणि प्रॅक्टिस, म्हणजे दाताचा दवाखाना, नसेल तर तुमच्या वह्यांवर सही कोण करणार. मी डिसेंबर २०१७ मध्ये शोधायला लागले. मुलगा शाळेत रुळला होता, नवऱ्याचा वर्क व्हिसा, माझा डिपेंडंट, त्यामुळे काम करायला अडचण नव्हती. ऑनलाइन अर्ज टाकले त्यांचं उत्तर सुद्धा आलं नाही. मग सीव्ही छापून घेतला आणि बसच्या अंतरातल्या प्रॅक्टिसमध्ये जाऊन रिसेप्शनला देत सुटले. जानेवारीच्या शेवटी एकीने ट्रायलला बोलावलं ती त्या कागदावरूनच. तेव्हा हे नक्की करा, लाजू नका, ट्रेनी सोडून जायचं प्रमाण भरपूर असतं त्यामुळे जागा जाहिरात यायच्या आधीच निघालेली असते.

ट्रायल म्हणजे कोपऱ्यात अर्धा दिवस उभं राहून बघायचं. मॅनेजरने विचारलं रक्त बघून काही होतं का, म्हटलं घरी मूल आहे, रोज काहीतरी फुटलेलं असतं. पण खरी परीक्षा हेड नर्स घेत होती हे मला नंतर कळलं, मी फोन काढते का, भिंतीला टेकते का, पेशंट आत आल्यावर हसते का एवढंच ती बघत होती.

मग कागदपत्रं. एनहान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या रेकॉर्डची तपासणी, त्याचे तेव्हा ४४ पौंड होते, प्रॅक्टिसने भरले. मी इंडियातून येऊन फार वर्षं झालेली नव्हती म्हणून त्यांनी तिकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पण मागितलं, ते व्हीएफएसमधून, म्हणजे भारतीय दूतावासाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीतून, काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा नोकरी शोधायला लागाल त्याच आठवड्यात अर्ज टाकून ठेवा. आणि हेपटायटिस बी. तीन डोस, साधारण शून्य, एक आणि सहा महिने, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडी तयार झाल्यात का ते बघतात. २०१७ च्या उन्हाळ्यापासून लसीचा तुटवडा चालू होता, त्यामुळे माझा पहिला डोसच लांबला आणि तोपर्यंत मला धारदार वस्तूंच्या जवळपास फिरकू देत नव्हते. कामासाठी लागणारी लस जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, फुकट मिळेलच असं नाही, एम्प्लॉयरने ऑक्युपेशनल हेल्थकडून, म्हणजे कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणाऱ्यांकडून, द्यायची असते, तेव्हा स्वतःच्या खिशातून भरायला जाऊ नका, आधी विचारा.

कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा हे मी हात जोडून सांगते. कोर्सची फी माझ्या वेळी दीड हजार पौंडांच्या आसपास होती, अर्धी प्रॅक्टिसने भरली आणि अर्धी माझ्या पगारातून हप्त्याने कापली. पण खाली बारीक अक्षरात होतं की पास झाल्यावर वर्षभराच्या आत सोडलं तर त्यांनी भरलेले पैसे परत करायचे. यात काही वाईट नाही, बरेच जण असंच करतात, फक्त नवऱ्याची बदली होण्याची शक्यता असेल तर सही करायच्या आधी बोला. पगार ट्रेनीला मिनिमम वेज, एप्रिल २०१८ मध्ये तो तासाला ७.८३ पौंड होता. सुपरमार्केटच्या टिलवर पण साधारण तेवढेच मिळतात आणि तिथे कुणी तुमच्यावर थुंकत नाही. पैशासाठी या कामात येऊ नका असं मी स्पष्टच सांगते.

मार्चमध्ये सुरू झालं आणि पहिले कितीतरी दिवस मी पेशंटचं तोंडच बघितलं नाही. मी होते डीकॉन रूममध्ये. वापरलेली इन्स्ट्रुमेंट्स झाकणाच्या डब्यातून तिथे येतात, एका बाजूने घाण आत येते आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ बाहेर जाते, मधे उलटं पाऊल टाकायचं नाही. जाड लांब ग्लोव्ह्ज, एप्रन, तोंडावर व्हायझर. हाताने घासायचं असेल तर पाणी ४५ अंशांच्या खाली पाहिजे, आपला हात उलट सांगतो की कढत पाण्याने जास्त स्वच्छ होईल, पण गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन धातूला घट्ट धरून बसतं आणि मग निघत नाही. घासायचं पण पाण्याच्या आत, म्हणजे उडत नाही. मग दिव्याच्या भिंगाखाली एकेक बघायचं. प्लास्टिक इन्स्ट्रुमेंट नावाचं एक अवजार असतं, असतं स्टीलचं, त्याच्या टोकाला सिमेंट चिकटून राहतं ना, परातीला वाळलेल्या कणकेसारखं, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण भिंगाखाली लगेच दिसतं. ते परत मागे. पास झालेलं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, १३४ ते १३७ अंश, किमान तीन मिनिटं. मग पाउचवर तारीख. पाउचमधलं वर्षभर ठेवता येतं, उघडं सर्जरीत, म्हणजे पेशंटला तपासायच्या खोलीत, ठेवलेलं त्याच दिवशी वापरायचं नाहीतर पुन्हा फेरी.

हे सगळं इंग्लंडमध्ये एचटीएम ०१-०५ नावाच्या गाइडन्समध्ये लिहिलेलं आहे. पहिल्या महिन्यात ते वाचून काढा, भाषा कंटाळवाणी आहे पण इन्स्पेक्शनला येणारा माणूस त्यातलंच विचारतो, आणि परीक्षेत पण त्यातलंच येतं. सकाळी आल्या आल्या ऑटोक्लेव्हची टेस्ट, खुर्चीच्या पाण्याच्या नळ्या दोन मिनिटं वाहत्या सोडायच्या, प्रत्येक पेशंटनंतर वीस ते तीस सेकंद. ऑक्सिजन, डीफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन), इमर्जन्सीच्या औषधांच्या एक्स्पायरी तारखा. सगळ्याची नोंद, सही, वेळ. बँकेत कॅश टॅली करायची सवय होती, तीच इथे कामाला आली.

मग सर्जरी. लोकांना वाटतं नर्स नुसती सक्शन धरून बसते. हो, धरते, पण ते धरणंच शिकायला मला महिने लागले. डेंटिस्ट उजव्या हाताचे असले की नर्स पेशंटच्या डाव्या बाजूला, स्टूल त्यांच्यापेक्षा थोडं उंच, नाहीतर आत काही दिसत नाही. उजव्या हातात सक्शन, डावा हात अवजारं द्यायला आणि घ्यायला, आणि देणंघेणं पेशंटच्या हनुवटीखाली, डोळ्यांवरून कधीच नाही. नळीचं टोक दाताजवळ पण डेंटिस्टच्या आरशाच्या आड नको, जीभ ओढली जाता कामा नये, आणि टाळूच्या मागच्या मऊ भागाला लागलं की पेशंटला उबळ येते. हे सगळं करत असताना पुढचं अवजार कोणतं हे आधीच ओळखून हातात तयार ठेवायचं. जमायला लागलं की मधलं बोलणंच बंद होतं.

पण माझ्या मते खरं काम वेगळंच आहे. डेंटिस्ट लूप्स, म्हणजे भिंगाचा चष्मा, लावून एका दातात बघत असतात, त्यांना तेवढाच दात दिसतो, बाकीचा माणूस बघणारी खोलीत एकच. मी पायांची बोटं बघते. बूट असले तर हाताच्या मुठी. तोंड बधिर असलेला माणूस बोलू शकत नाही, पण दुखायला लागलं की पावलं एकदम वर वळतात आणि नखं पांढरी होतात. वरच्या ओठावर घामाचे थेंब आणि चेहरा उतरला की चक्कर येणार, मग मी नुसतं 'जरा थांबूया का' म्हणते, खुर्ची आडवी, पाय वर, दोन मिनिटांत रंग परत येतो. आमच्या डेंटिस्टनी एकदाही त्यावर कपाळाला आठी घातली नाही. सगळीकडे असं असेल असं नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये एक मराठी काकू आल्या, मुलाकडे राहतात, इंग्लिश जेमतेम, खालची दाढ काढायची होती आणि अंगाला अक्षरशः कापरं. मी म्हटलं 'काकू, मी इथेच आहे, दुखलं तर डावा हात वर करायचा, आम्ही लगेच थांबणार'. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. मग दाढ हलवायच्या वेळी सांगितलं की आता दाब जाणवेल, करकर आवाज येईल, तो दुखण्याचा नाही. दाढ निघाली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कन्सेंटसाठी आमच्या डेंटिस्टनी फोनवर प्रोफेशनल इंटरप्रीटर घेतला, मी भाषांतर केलेलं चाललं नसतं, मुलाचं पण नाही. तेव्हा मला ते जरा लागलं होतं. आता पटतं, धोके काय आहेत ते सांगताना मी काकूंना धीर द्यायच्या नादात दोन शब्द गाळले असते तर?

चार्टिंगची भीती सगळ्यांना वाटते. डेंटिस्ट भराभरा बोलतात, अप्पर राइट सिक्स, मिझिअल ऑक्लुजल, अमुक तमुक, आणि आपण ते स्क्रीनवर मारायचं. तोंडाचे चार भाग, मधल्या दातापासून मागे एक ते आठ, दुधाच्या दातांना ए ते ई. मी रात्री मुलाला आ करायला लावून त्याचे दात मोजायचे, त्याला पण मजा यायची, नंतर नंतर तोच मला विचारायचा की माझा सी हलतोय का. उजवं डावं हे पेशंटचं, आपलं नाही, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सवयीचा भाग. हिरड्यांच्या तपासणीचा बीपीई नावाचा स्कोअर असतो, त्याला शून्य ते चार, सहा भागांचे सहा आकडे, ते लिहितात नर्स पण मोजायचं काम आपलं नाही. आपण निदान करत नाही, हे कायम लक्षात ठेवायचं. पेशंट रिसेप्शनपाशी गाठून विचारतोच, 'तुला काय वाटतं, रूट कॅनाल लागेल का?' हसून सांगायचं की ते डेंटिस्टच सांगतील. तेच सुईचं, वापरलेली सुई टोपणात आपण घालायची नाही, ज्याने टोचली त्यानेच ती बंद करून शार्प्सच्या डब्यात टाकायची. आणि कधी टोचलीच तर रक्त वाहू द्यायचं, वाहत्या पाण्याखाली धुवायचं, घासायचं नाही, चोखायचं तर अजिबात नाही, झाकायचं आणि लगेच रिपोर्ट करायचं.

कोर्स एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाला, एनईबीडीएन या डेंटल नर्सच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा नॅशनल डिप्लोमा, आठवड्यातून एक संध्याकाळ क्लास. दुसरा रस्ता लेव्हल थ्री डिप्लोमाचा किंवा अप्रेंटिसशिपचा आहे, तोही जीडीसीला चालतो, फक्त नाव घालायच्या आधी जीडीसीच्या साइटवर मान्यताप्राप्त कोर्सची यादी बघा. साधारण दीड वर्ष धरून चाला. यात अभ्यासापेक्षा रेकॉर्ड ऑफ एक्सपिरियन्स, म्हणजे कामाच्या नोंदींची वही, दमवतो. कामावर जे केलं ते लिहायचं, एक्सट्रॅक्शन, क्राउन, रूट कॅनाल, एक्सरे, त्यातून काय शिकलात ते लिहायचं आणि ज्याने बघितलं त्या रजिस्टर्ड माणसाची सही घ्यायची. सही त्याच आठवड्यात घ्या. आमची हेड नर्स हिवाळ्यात सोडून गेली आणि माझ्याबरोबरच्या मुलीची अर्धी पानं तशीच राहिली, तिला ती पुन्हा करावी लागली. आणि मधेच नियम बदलतात तेही बघत राहायचं, १ जुलै २०१८ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना अगदीच गरज असल्याशिवाय अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचं चंदेरी फिलिंग, भरायचं नाही असं झालं, तर मी भिंतीवरचा चार्ट बघून दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये हे नवं उत्तर दिलं.

लेखी परीक्षा एप्रिल २०१९ मध्ये. पर्यायांचे प्रश्न, दिसायला सोपे, पण सगळेच पर्याय बरोबर वाटतात. इम्युनिटी आणि नर्व्हज हे दोन धडे मी डोळे मिटून पाठ केले, बाकी कामावरूनच आलं. जूनमध्ये ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं, आदल्या रात्री तिथेच मुक्काम केला, ट्रेनवर भरवसा ठेवू नका. एका मोठ्या हॉलमध्ये स्टेशनं मांडलेली असतात, प्रत्येकाला पाच मिनिटं, घंटा वाजली की पुढे. बाहेर लावलेली सूचना दोनदा वाचा. आल्जिनेट, म्हणजे दातांचा ठसा घ्यायचं मिश्रण, कालवताना मी आधी पावडरचा डबा झाकण लावून हलवला, मग मोजून पावडर आणि मोजून थंड पाणी, कारण गरम पाण्याने ते लगेच धरतं, आणि वाटीच्या कडेला दाबत दाबत इंग्रजी आठच्या आकड्यात स्पॅट्युला फिरवायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. हात थरथरत होते पण हाताला माहीत होतं काय करायचं ते. एका स्टेशनवर पेशंट म्हणून ॲक्टर बसवला होता आणि तो अपॉइंटमेंट रद्द झाली म्हणून माझ्यावर भडकायचं काम करत होता. मला मनातून हसू येत होतं, कारण सोमवारी सकाळी आमच्याकडे हे फुकटात होतं.

रिझल्टची वाट बघण्यात काही आठवडे गेले. पास. पण आता खास आपल्या लोकांसाठीची गोष्ट. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये आपलं नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असं दोन्ही असतं. कोर्स चालवणाऱ्या संस्थेने माझं मधलं नाव त्यांच्या सिस्टीममध्ये घातलंच नव्हतं, मी फॉर्मवर पूर्ण लिहिलेलं असूनही, आणि सर्टिफिकेट छापून आलं ते अर्ध्या नावाचं. ते बदलून घ्यायला ईमेल, पुन्हा ईमेल, फोनवर तासभर गाणी ऐकणं असं करत बराच वेळ गेला. नाव घातल्या घातल्या त्यांच्याकडून कन्फर्मेशन मागवा आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी पण तयार ठेवा.

जीडीसीचा अर्ज त्यानंतर. सर्टिफिकेट, ओळखपत्राची सर्टिफाइड कॉपी, कॅरेक्टर रेफरन्स, गुन्हे वगैरेचं डिक्लरेशन. २०१९ मध्ये फी ११६ पौंड होती आणि ती दरवर्षी ३१ जुलैच्या आत भरायची, चुकली तर रजिस्टरवरून नाव जातं आणि नाव गेलं की काम बंद, इतकं साधं आहे. इंडेम्निटी, म्हणजे कामातल्या चुकीच्या भरपाईचा विमा, तो पण सक्तीचा, प्रॅक्टिसच्या पॉलिसीत तुमचं नाव आहे का ते लेखी घ्या, 'हो हो आहे' वर थांबू नका. अर्ज गेल्यावर परत थांबणं. या मधल्या काळात पास होऊनही तुम्ही ट्रेनीच, बॅज तोच, पगार तोच. पेशंट मला कधीपासून नर्स म्हणत होते आणि मी दर वेळी 'ट्रेनी' म्हणत होते. नंबर आल्यावर मी पब्लिक रजिस्टरवर स्वतःचं नाव शोधलं, आईला स्क्रीनशॉट पाठवला, ती म्हणाली छान, आता माझी कवळी कधी बघतेस. पगार तासाला साडेनऊ झाला.

ज्या इंडियातून बीडीएस करून आल्यात त्या मला विचारतात की आम्हाला थेट नर्सचं काम मिळेल का. डिग्री आहे म्हणून रजिस्ट्रेशन आपोआप होत नाही, डेंटिस्ट म्हणून हवं असेल तर ओआरई ही परदेशातून शिकून आलेल्या डेंटिस्टची परीक्षा आहे, आणि नर्स म्हणून तुमचं काय होईल ते जीडीसीलाच लेखी विचारा, ओळखीतल्या कुणाच्या सांगण्यावर नोकरी धरू नका. आमच्या क्लासमध्ये एक बीडीएस होती, तिला दातांचं आमच्यापेक्षा दसपट येत होतं आणि सगळ्यात अवघड जायचं ते गप्प राहणं.

आता पुढे सीपीडी, म्हणजे रजिस्टरवर राहण्यासाठी चालू ठेवायचं शिक्षण. नर्सला पाच वर्षांत ५० तास व्हेरिफायेबल, म्हणजे पुरावा दाखवता येईल असे, आणि कुठल्याही लागोपाठच्या दोन वर्षांत किमान १० तास, म्हणजे सगळं शेवटच्या वर्षावर ढकलता येत नाही. मेडिकल इमर्जन्सी, डिसइन्फेक्शन, रेडिओग्राफी हे विषय त्यात घ्या असं जीडीसी सुचवते. माझं पाच वर्षांचं सायकल नंबर आल्यानंतरच्या पहिल्या १ ऑगस्टला सुरू होईल. तोपर्यंत फ्लुओराइड व्हार्निशचं, म्हणजे दात किडू नयेत म्हणून लावायच्या लेपाचं, ट्रेनिंग करून घ्यायचा विचार आहे, ते झालं की डेंटिस्टच्या प्रिस्क्रिप्शनवर मुलांना व्हार्निश मला लावता येईल. मॅनेजरला विचारलंय फी कोण भरणार, अजून उत्तर आलेलं नाही.